आतल्या बाजूचा नट

वास आधी आला. चटका आलाच नाही. कुठंतरी रबर जळतंय असं वाटलं आणि मी मनातल्या मनात कुरिअरवाल्यावर करवादलो, की या बाबाने पुन्हा बुटाची टाच सायलेन्सरवर टेकवली असणार, याला कितीदा सांगायचं. पण कुरिअरवाला केव्हाच गाडी माझ्या गळ्यात घालून, संध्याकाळपर्यंत द्याच मिस्त्री, असं म्हणून निघून गेला होता. गाडी स्टँडवर, मी तिच्याशेजारी बसकं स्टूल घेऊन, आणि माझा उजवा हात मनगटापर्यंत तिच्या पोटात. इंजिनातून धूर नेणारा वाकडा पाइप, ज्याला आम्ही बेंड म्हणतो, तो इंजिनाच्या तोंडाशी दोन नटांनी आवळलेला असतो. एक नट बाहेरचा, शहाण्या मुलासारखा समोर उभा. दुसरा आतल्या बाजूचा. सांगाड्याची नळी आणि इंजिन यांच्या फटीत, जिथे डोळा पोचत नाही, उजेड पोचत नाही, फक्त बोटं पोचतात. बेंडला चीर गेली होती, ती शोधायला मी नुकतंच इंजिन चालवून बंद केलं होतं, आता तो बदलायचा होता, आणि मी त्या आतल्या नटाची चौकशी करत होतो. बघत होतो रस्त्याकडे. समोर चष्म्याच्या दुकानातली बाई काच पुसत होती. वास वाढला. मी हात बाहेर काढला तर पहिल्या बोटाचं टोक पांढरं पडलेलं, कातडी दुधावरच्या सायीसारखी सुरकुतलेली. मी बघतच राहिलो. बोट माझंच होतं, माझ्याच हाताला होतं, आणि भाजून निघालं तरी त्याने मला साधी हाक मारली नव्हती.

आता कोणी म्हणेल, तापलेल्या पाइपाजवळ हात घालताना माणूस बघत का नाही? तर नाही बघत. आमच्यात नाही बघत. मी काम शिकलो माझ्या मामाकडे, आणि मामाचा कायदाच होता: हात आत गेला की मान बाहेर. डोळा चोंबडा असतो म्हणायचा. त्याला वाटतं सगळं आपल्यालाच कळतं, आणि तो मधेमधे करत राहिला की बोटं रुसतात. मामाचा हात इंजिनात गेला की तो रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारायचा, कुणाच्या पोरीचं लग्न जमलं का विचारायचा, आणि बोलता बोलता म्हणायचा, “अकराचा दे, लांब दांड्याचा.” चुकायचा नाही. त्याच्या विजारीच्या डाव्या खिशात सुटे नट असायचे, आणि दुपारी जेवून आडवा झाला की मला म्हणायचा, घाल हात, सांग. मी खिशात हात घालून सांगायचो, हा दहाचा, हा बाराचा, हा बाराचाच पण झिजलेला. पुढे पुढे तर हा पावसात भिजलाय आणि हा नाही, हेही कळायला लागलं. ते शिकवून येत नाही. एक दिवस बोटांत काहीतरी उघडतं आणि मग आयुष्यभर उघडं राहतं, असं मी समजत होतो. ते मिटतंही, हे मला मामाने सांगितलं नव्हतं. त्याचं मिटलंच नसावं. मरेपर्यंत त्याची बोटं पोपटासारखी बोलत होती.

माझी गप्प व्हायला लागली ती केव्हापासून, हे मला सांगता येणार नाही, कारण मी ते कळून घ्यायला तयार नव्हतो. आधी सकाळी उठलं की मुंग्या. हात झटकला की जायच्या. झोपेत अंगाखाली आला असेल, मी बायकोला सांगायचो, आणि ती हं म्हणायची. मग शर्टाची बटणं लावताना खाली बघावं लागायला लागलं. मग कपाची कड ओठाला लागेपर्यंत कप हातात आहे की नाही याची खात्री नसायची. गॅरेजात मी दांड्यावरचा छोटा आरसा आणला आणि बारीक बॅटरी, आणि शेजारच्या टायरवाल्याला ऐटीत सांगितलं, की आता जमाना बदलला, परदेशात सगळे असंच करतात. तोही मान डोलावून गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरकडे जायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण करून घेणं, आणि अवलक्षण काय आहे ते तर मला ठाऊकच होतं. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं एवढंच. कारण हात गेला तर माझ्याकडे दुसरं आहे काय? मला भाषण येत नाही, हिशेब येत नाही, चार माणसांत बसलो तर मी खुर्चीसारखा बसतो. मला न दिसणाऱ्या जागी जाऊन परत येता येतं, तेवढंच. ती बोटं गेली तर उरलेल्या माणसाला घेऊन मी काय करू, हा प्रश्न रोज सकाळी मुंग्यांबरोबर यायचा आणि मी दोघांनाही झटकून टाकायचो.

त्या भाजलेल्या बोटासमोर मात्र झटकाझटकी चालेना. मी स्टुलावर तसाच बसून होतो तेव्हा ही मागच्या दारातून आली. आमचं घर गॅरेजच्या मागेच, दोन खोल्या, आणि ही प्रसूतिगृहात नर्स आहे. दुपारच्या पाळीला जाताना गॅरेजमधूनच बाहेर पडते, रोज काहीतरी टोमणा मारून. माझ्या गॅरेजात बाळंत होणाऱ्या बाईपेक्षा जास्त ओरडा असतो, वगैरे. आज तिने टोमणा मारला नाही. नाक वर करून वास घेतला, सरळ माझ्याजवळ आली आणि माझा हात उचलून नळाखाली धरला. बराच वेळ धरला. पाणी पडत होतं ते मला दिसत होतं.

“कळलं नाही?” तिने विचारलं.

कळलं ना, मी म्हटलं, लगेच काढला की. पण जो लगेच हात काढतो त्याचं बोट असं होत नाही, हे तिच्यासारखीला सांगायला नको होतं, आणि मी खोटं बोललो हे आम्हा दोघांनाही ऐकू आलं. तिने पर्समधली पट्टी काढून बोटाला बांधली, पांढरी, जाड, बाहुलीच्या डोक्याएवढी. मी म्हटलं, झालं, आता हे गाठोडं त्या फटीत जाणार कसं. डावा हात त्या बाजूने जात नाही, मधे हॉर्नची पट्टी येते. कुरिअरवाला संध्याकाळी दारात उभा राहणार आणि त्याची रोजीरोटी त्या गाडीवर. आणि नट तर पुरता गंजलेला. गंजलेल्या नटाशी अंदाजपंचे काम करता येत नाही; चुकीचा पाना लावला की कोपरे खाल्ले जातात, जोर जास्त झाला की ज्या दांडीवर तो बसलाय ती स्टडच इंजिनात मोडते, आणि मग सगळं इंजिन उघडायचं. मी हे तिला सांगत होतो ते तक्रार म्हणून. तिने घड्याळाकडे बघितलं, पर्स खिळ्याला अडकवली आणि बाही वर केली.

“काय बघायचंय आत? मी बघते.”

मी हसलो. अगं ते काय पोट आहे का, असं काहीतरी म्हणालोही. तिने पाइपाला हाताच्या पाठीने शिवून पाहिलं. तो एव्हाना निवला होता. मग ती माझ्या स्टुलावर बसली आणि तिचा हात, नखं मुळापर्यंत कापलेला तिचा हात, इंजिन आणि नळी यांच्या मधून आत गेला. तिच्या त्या नखांवरून आमच्या लग्नात माझी आत्या म्हणाली होती, नवरीला नखंसुद्धा नाहीत, ही रंग कशाला लावणार? तेव्हा सगळे हसले होते आणि हीसुद्धा. मी त्या नखांचा त्यानंतर कधी विचार केला नव्हता. हात आत गेला आणि तिची मान बाहेर वळली.

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे मी शिकवलं नव्हतं, मामा तर तिने पाहिलाही नव्हता. ती समोरच्या भिंतीला टेकलेल्या टायरांकडे बघत होती आणि टायर तिला दिसत नव्हते. चेहरा शांत, ओठ किंचित सुटलेले, जणू कुणीतरी भिंतीपलीकडून बोलतंय आणि ती ऐकतेय. हा चेहरा मी ओळखत होतो. हा मामाचा चेहरा होता. पण हिच्या तोंडावर मी तो कधी पाहिला नव्हता, आणि पाहणार कुठून? ती तो रोज पाळीला जाताना घेऊन जायची आणि तिथेच ठेवून यायची. घरी यायची ती दमलेली, पाय दुखणारी, कांदे महागले म्हणणारी बाई. इतकी वर्षं एका ताटलीत जेवल्यासारखे राहिलो, आणि तिचा कामातला चेहरा मला आज, जळक्या बोटाच्या कृपेने दिसत होता.

“काय लागतं?” मी विचारलं. आवाज माझ्याही नकळत खाली गेला होता.

“थांबा जरा.” मग सावकाश बोलायला लागली. नट आहे. सहा धारा असाव्यात. एक पार गेलीय, गुळगुळीत, तिच्या शेजारची अर्धी. बाकीच्या चांगल्या आहेत, बोटाला टोचतात. मधून दांडी बरीच बाहेर आलीय, निम्म्या पेराएवढी. वरून पातळ पत्र्यासारख्या कडा लागतात, एकावर एक. त्या इंजिनाच्या थंडाव्याच्या पट्ट्या, मी म्हटलं. असतील, ती म्हणाली, पण खालच्या बाजूने मोकळं आहे. किती मोकळं, मी विचारलं. तिचं बोट आत हललेलं मला तिच्या कोपरावरून कळलं. दीड सेंटीमीटर, ती म्हणाली, आणि मग, नाही, सव्वा. मी म्हटलं, मोजपट्टी गिळलीयस काय? तर ती टायरांकडे बघतच म्हणाली, मी दिवसभर दुसरं काय मोजते?

आणि मग, हात आत ठेवूनच, तिने ते सांगितलं, इतक्या सहज की जणू मला ते ठाऊकच असणार. बाई कळा देत असते तेव्हा वाट किती उघडली ते दोन बोटांनी मोजायचं. दिसत काहीच नाही. तीन, चार, साडेसहा. बोटं जेवढी फाकतात त्यावरून सांगायचं, आणि तिने सांगितलं की त्यावर डॉक्टर पळत येतो किंवा येत नाही. शिकत होती तेव्हा बाटल्यांची, बरण्यांची झाकणं उशाशी घेऊन झोपायची. मैत्रिणी अंधारात एकमेकींच्या हातात झाकण द्यायच्या आणि म्हणायच्या, सांग. मी तिथे हातात पुसायचं फडकं घेऊन उभा होतो. माझ्या मामाच्या खिशात नट होते आणि हिच्या उशाशी झाकणं. ज्या काळात मी खिशात हात घालून दहा-बारा करत होतो, त्याच काळात कुठल्या तरी वसतिगृहात ही मुलगी अंधारात झाकणांच्या कडेवरून बोट फिरवत होती, आणि आम्हाला एकमेकांची खबर नव्हती. लग्न झालं तरी खबर नव्हती. मला असं वाटलं की मी माझ्याच घरात एक खोली आज पहिल्यांदा बघतोय आणि ती दोन्ही खोल्यांपेक्षा मोठी आहे.

पण काम बाकी होतं, आणि गंमत अशी की नट आता मला दिसायला लागला होता. तिच्या शब्दांनी तो माझ्या डोक्यात उभा राहिला, एका बाजूने झिजलेला, बाहेर आलेल्या दांडीसकट. मी खण उघडला. चपटा पाना नको. तो दोनच कोपरे धरतो आणि त्यातला एक मेलेला. रिंग पान्याची मान त्या पट्ट्यांना अडणार. गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा पाना, लावायची तर बारा खाचांची नको, ती घसरेल आणि उरलेसुरले कोपरेही खाईल. सहा खाचांची हवी, जी कोपऱ्यांना न धरता सपाट अंगाला धरते. उथळ गोटी दांडीवर अडेल, म्हणून खोल. खोल गोटी सरळ आत जाणार नाही, म्हणून खालून यायचं, लांब दांडा लावून, आणि दांडा व गोटी यांच्यामध्ये मानेसारखा वळणारा जोड. तो जोड लुळा पडतो, म्हणून त्याला चिकटपट्टीचे दोन वेढे. वळेल, पण सांगितल्याशिवाय मान टाकणार नाही. हे सगळं मी कधी कुणाला मोठ्याने सांगितलं नव्हतं. आज बोलत बोलत निवडलं आणि ती हं, हं करत राहिली. गोटीवरचा आकडा मी डोळ्याने वाचला. कालपर्यंत मला त्याची लाज वाटली असती.

गोटी तिने बोटाने वाट दाखवून नटावर बसवली. बसली, ती म्हणाली, पुरती बसली. तिचं बोट नटामागे, दांडीच्या बुडाशी, माझा दांड्यावर जोर. मनगटात ताकद होती; जे गेलं होतं ती ताकद नव्हती. मी हळूहळू भार टाकला. दांडा जरासा वळला आणि मला वाटलं, आला.

“थांबा,” ती म्हणाली. “ते फिरत नाहीये. पिळतंय.”

मी जागच्या जागी थिजलो. फिरणं आणि पिळणं यातला फरक केसाएवढा असतो. पिळणं म्हणजे नट जागेवरच आहे आणि दांडी मधल्यामधे मुरगळतेय, अजून थोडा जोर की मोडली. पूर्वी तो फरक माझ्या तळहातात यायचा. आज मला काहीच आलं नव्हतं. मी एकटा असतो तर ओढत राहिलो असतो. मी भार काढून घेतला. मग तेल सोडलं, मुरू दिलं, हातोडीने दांड्यावर हलके ठोके दिले, आणि सोडवायच्या आधी नट उलट जरासा आवळला, कारण अडलेल्याला आधी त्याच्या बाजूने ढकलावं लागतं. ती तेवढा वेळ हात आत ठेवून बसून होती. तिच्या पाळीची वेळ निघून चालली होती. दुसऱ्या हाताने फोन करून तिने सांगितलं, जरा अडकलेय, येते. पुन्हा भार टाकला. काही नाही. पुन्हा.

“आलं,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला होता. “वळलं. चला, चालू ठेवा.”

नट सुटत होता, आणि ती हळू आवाजात सांगत होती, की बाळाचं डोकं असंच वळतं. आधी बराच वेळ वाटतं की काहीच होत नाहीये, सगळं नुसतंच आवळलंय, आणि मग बोटाखाली ते एवढंसं फिरतं, आणि तेव्हा कळतं की आता येणार. अजूनही दरवेळी अंगावर काटा येतो, ती म्हणाली. माझ्याही आला होता. तिने नट बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. किती लहान होता तो.

नवा बेंड चढवायला वेळ लागला नाही. तिने हात धुतले, साबण दोनदा लावला, आणि निघेल असं मला वाटलं, पण ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. तुमचा हात द्या, म्हणाली. मी म्हटलं, पट्टी झालीय की. भाजलेल्याचं नाही हो, ती म्हणाली, डोळे मिटा आणि शिवलं की सांगा, अंदाजाने नाही, लागलं तरच. मी डोळे मिटले. करंगळी, मी म्हटलं. बरोबर. मग बराच वेळ काही नाही, मग तिच्या शेजारच्या बोटाला, पण एका अंगाने. एकाच बोटाची करंगळीकडची बाजू माझी होती आणि दुसरी बाजू कुणाचीच नव्हती. मधून रेघ मारल्यासारखी. आपल्या शरीरात अशी सीमा असते याचं मला भीतीपेक्षा नवलच वाटलं. मधलं बोट, अंगठा यांचं मी काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आलंच नाही. ती म्हणाली, मला ठाऊक होतं, मनगटात एक नस असते, ती आवळली जातेय. तुम्ही खाली बघून बटणं लावायला लागलात तेव्हापासून वाटत होतं, तुम्ही म्हणाल म्हणून थांबले. छोटंसं ऑपरेशन असतं, नस मोकळी करतात.

“आणि परत नाही आलं तर?” मी विचारलं.

“किती परत येईल ते मला सांगता नाही येणार. थांबलात तर किती जाईल ते सांगू शकते.”

मी म्हटलं, बघू, हातातली चार कामं उरकतो, महिना अखेरीस जाऊ. तिने वाद घातला नाही. पुन्हा डोळे मिटा, एवढंच म्हणाली. मी मिटले आणि वाट बघत बसलो, कुठे शिवते ती. रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. टायरवाल्याचा रेडिओ चालू होता. करंगळीला काही नाही, तिच्या शेजारी काही नाही. मला वाटलं, ती उठली असेल, आधीच उशीर झालाय, पर्स घेऊन न बोलता निघाली असेल, आणि मी इथे आंधळ्यासारखा हात पुढे करून बसलोय. रागही आला थोडा.

“सोडलास ना हात?” मी म्हटलं.

आणि डोळे उघडले. ती समोरच बसली होती. माझा अंगठा आणि मधलं बोट तिने आपल्या दोन्ही हातांत धरलं होतं, अगदी अलगद, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“केव्हापासून धरलंयस?” मी विचारलं.

“मघापासून,” ती म्हणाली.

मी तिच्या हातांकडे बघत राहिलो. मग म्हटलं, उद्या सकाळीच जाऊ.